ताकदीच्या गोळ्या

महापालिका शाळेच्या मधल्या सुट्टीत दवाखान्यातून येणाऱ्या सिस्टरनी दीक्षाच्या हातावर टीबीच्या शेवटच्या गोळ्या ठेवल्या. तिची मैत्रीण अल्फिया हिला नेहमीसारखी व्हिटॅमिनची चघळायची गोळी मिळाली.

वस्तीत कळलं तर पोरीजवळ कुणी बसणार नाही, म्हणून दीक्षाच्या आईने सुरुवातीलाच हात जोडले होते. एकटीलाच रोज बोलावलं तर वर्गाला संशय आला असता. त्यामुळे ‘ताकदीच्या गोळ्या’ दोघींनाही सुरू झाल्या.

गोळ्या गिळून दीक्षा पेला विसळायला नळावर गेली.

“तिचा टीबी बरा झाला ना?” अल्फियाने चघळता चघळता विचारलं.

सिस्टर दचकल्या. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. औषध सुरू झालं तेव्हाच शाळेच्या संडासात तिची लघवी लाल दिसली. माझ्या मामीला टीबीच्या गोळ्यांनी तशीच व्हायची.”

“मग तिला एकदाही बोलली नाहीस?”

“मला माहितीये हे तिला कळलं असतं, तर तीच लाजून लांब बसली असती.”

नळ बंद झाला. अल्फिया हळू आवाजात म्हणाली, “ती येतेय. तुम्हीपण तिला काही सांगू नका, सिस्टर.”