दहा घरांची सुरी

सुरी आपल्याकडे आली तर रोज नऊ घरं अदबीने दाराशी येतील, असा म्हाताऱ्या शांगचा हिशेब होता. दहा घरांत एकच सुरी ठेवायची, हा मंगोल हाकिमाचा हुकूम. शांगने बंडखोर जावयाची चुगली केली. जावई लुओचं डोकं उडालं; त्याची नावाजलेली तलवार वितळवून हाकिमाने सुरी घडवली आणि शांगला दिली.

शेजारी विचारत, "काका, सुरी देता, की आमचीही चुगली करता?"

मुलगी कधीच मागायला आली नाही. तरी तिच्या घरातून रोज मुळा चिरल्याचा आवाज येई.

शेवटी सुरी कमरेला खोचून शांग तिच्या दारात गेला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. समोर फळीवर मुळ्याच्या चकत्या पडत होत्या.

"कोण चिरतंय?"

"हळू बोला, बाबा. चुगली कुणी केली, ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

सुरी सासऱ्याला मिळाली, जीव जावयाचा गेला, आणि लाज मुलगी झाकत होती.