आईचं ताट

मसाल्याच्या जाहिरातीचा अकरावा टेक संपला. वैजयंता 'आई' होऊन टेबलाभोवतीच्या चौघांना रस्सा वाढत होती.

"सर, या वेळी मीही ताट घेऊन बसू का?" तिने विचारलं.

दिग्दर्शक हसला. "अहो ताई, जाहिरातीत आई कुठे जेवते? सगळ्यांना जेवताना बघूनच तिचं पोट भरतं. तुमच्या आईला डोळ्यांसमोर आणा, जमेल."

कॅमेरा सुरू झाला. तिला भाकरी थापणारी आई दिसली, वाढणारी दिसली, खरकटं काढणारी दिसली. घास तोंडात घालणारी आई मात्र काही केल्या दिसेना. आईला काय आवडतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायला आई नव्हती.

हातातला डाव तसाच राहिला. डोळे भरून आले.

"वा, ताई!" दिग्दर्शक ओरडला. "आईच्या डोळ्यांत हेच समाधान हवं होतं!"