खिडकीची जागा

शाळेच्या व्हॅनमध्ये माझा लेक खिडकीपाशी बसला, तेव्हा मला त्याच्या सीटखाली स्वयंपाकाच्या गॅसचा लाल सिलेंडर आडवा पडलेला दिसला. त्याची नळी इंजिनाकडे गेली होती आणि जोडाला चिंधी गुंडाळली होती.

"काका, व्हॅन गॅसवर चालवताय?" मी दार अडवून धरलं.

"पेट्रोल परवडत नाही, ताई. मी शंभर रुपये वाढवून मागितले, तेव्हा सगळ्यांत आधी तुम्हीच नाही म्हणालात. गॅसवर निम्म्यात भागतं, धूरही होत नाही. चार वर्षांत काही झालंय का? सोडा दार, शाळा भरेल."

"तुमची मुलगी याच शाळेत आहे. ती रोज चालत का जाते?"

काकांनी चावीवरचा हात काढला.

"तिची आई बसू देत नाही."

मी लेकाला दप्तरासकट खाली ओढलं. शेजारी उभ्या असलेल्या बाकीच्या आयांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्यातल्या एकीने घड्याळ बघितलं. मग, "बघ, तुला खिडकी मिळाली," म्हणत तिने आपल्या मुलीला त्या जागेवर सरकवलं आणि दार लावलं.