खांदे हलवायचे नाहीत

"खांदे हलवायचे नाहीत," साहेब म्हणाले. "इथे हात मी हलवतो. तेवढं पुरे आहे."

साहेब वाद्यवृंदाचे संचालक. त्यांची छडी पहिल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या व्हायोलिनवादकाच्या नाकासमोर येऊन थांबली. सारा वाद्यवृंद त्यांना काका म्हणायचा. काकांची जुनी खोड होती. सुरुवात करायच्या आधी डावा खांदा किंचित उचलायचा आणि मग तारांवर गज टेकवायचा. तालमी झकास झाल्या होत्या, पण साहेबांना तो खांदा खुपत होता.

"बरं," काका म्हणाले.

"आणि आजचं रेकॉर्डिंग झालं की खुर्ची रिकामी करा. तुमच्या जागी माणूस बघून ठेवलाय मी."

हे सगळ्यांदेखत. साहेबांपुढे तोंड उघडायची कुणाची टाप होती? तरुणपणी त्यांनी याच हॉलमध्ये, याच वाद्यवृंदाकडून एक सिंफनी रेकॉर्ड करून घेतली आणि त्या एका तबकडीवर जन्मभर मिरवले. पुढे त्यांनी मोठमोठ्या शहरांत, बड्या वाद्यवृंदांबरोबर ढीगभर रेकॉर्डिंग केली. लोकांनी ती ऐकली आणि पुन्हा पहिलीच लावली. आता निवृत्तीआधी तीच सिंफनी, तोच हॉल. तेव्हाच्या वादकांपैकी फक्त काका उरले होते.

त्या तबकडीच्या वेष्टनावरचा फोटो बाहेर व्हरांड्यात मोठा करून लावला होता. साहेब छडी उंचावून छताकडे बघतायत आणि सगळ्या वादकांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. काय ही तल्लीनता, असं समीक्षकांनी लिहिलं होतं.

मधल्या सुट्टीत काकांची सख्खी पुतणी तणतणत आली. ती फ्लूट वाजवायची.

"काका, एवढं निमूट ऐकून घेतलंत? निदान चहाचा कप तरी फेकायचा अंगावर!"

"कप हॉलचा आहे."

"चेष्टा पुरे. आता काय करणार आहात?"

"ते सांगतायत तसं. तुम्हीही सगळे त्यांच्याकडेच बघा. छडीवरून नजर काढायची नाही. ती पडेल तेव्हा वाजवायचं, थांबेल तेव्हा थांबायचं. सांग सगळ्यांना."

"जाता जाता तरी त्यांचे पाय चाटू नका हो!"

ते काकांना फार लागलं. पण ते गजाला राळ घासत राहिले.

पुतणीने निरोप सगळ्यांना पोचवला. म्हाताऱ्याने शेपूट घातली, असं मागच्या रांगेतला ढोलवाला म्हणाला आणि दोघे-चौघे हसलेही.

लाल दिवा लागला. काका खांदे पाडून बसले. सगळ्यांचे डोळे छडीवर खिळले. साहेब खूश दिसले.

छडी पडली. व्हायोलिनं आधी आली, चेलो मागाहून लंगडत आले, तुताऱ्या आपल्याच घाईत निघाल्या. साहेबांनी लय आवरली तर ती बसकण मारू लागली. रेटली तर उधळली. संथ भागात छडी हवेतच घुटमळली आणि अख्खा वाद्यवृंद मध्येच गप्प झाला.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कुणाच्या नजरेला नजर देईना.

"गाढवांनो!" साहेबांनी छडी स्टँडवर आपटली. "लक्ष कुठंय तुमचं? बघता कुठे?"

"तुमच्याकडेच, साहेब," पुतणी म्हणाली. ते खरंच होतं.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते काकांकडे वळले.

"याच हॉलमध्ये, हाच भाग एका दमात झाला होता! तुम्ही होतात ना? सांगा या दगडांना, तेव्हा कसा जमला ते!"

काकांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, खटका लावला आणि खुर्ची रिकामी केली.

"तेव्हा तुमच्याकडे कुणी बघत नव्हतं."