काकूंचं चाटण

"हिचे गाल कधीपासून असे झाले?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

रुचिताला वाटलं, कौतुक चाललंय. "दिवाळीपासून," ती हसून म्हणाली. "आधी नुसती काडी होती. आता कुठे अंग भरलंय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षांच्या दिव्याची मान निरखली, पोट चेपलं, वरच्या ओठावरची काळसर लव बोट फिरवून पाहिली. मग उंची मोजली. आठ महिन्यांपूर्वीचा कागद काढला आणि त्याच्याखाली तोच आकडा पुन्हा लिहिला.

"औषध काय चालू आहे?"

"औषध असं काहीच नाही. सर्दी होऊ नये म्हणून चाटण देते रोज सकाळी. आयुर्वेदिक आहे, घरगुती. त्याचा साइड इफेक्ट नसतो."

चाटण मनोरमाकाकूंचं. भाईंदर पश्चिमेला रुचिताच्याच सोसायटीत काकू तळमजल्यावर राहायच्या. तुळस, सुंठ, ज्येष्ठमध कुटून मधात कालवायच्या आणि डब्या भरून द्यायच्या. त्याआधी दिव्याला दर महिन्याला सर्दी व्हायची. नाक वाहताना दिसलं की शाळा गेटवरूनच परत पाठवायची. विम्याच्या ऑफिसात रुचिताच्या सगळ्या रजा संपल्या होत्या. चाटण सुरू केलं आणि आठ महिन्यांत पोरगी एकदा शिंकली नाही. रुचिताने ते सगळ्यांना सांगितलं. आता अर्ध्या सोसायटीची मुलं ते चाटत होती.

डॉक्टरबाईंनी रक्त आणि चाटण दोन्ही तपासायला लावलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला.

"ह्या चाटणात स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "शरीर स्वतःचं जे बनवतं, ते हिचं जवळजवळ बंद पडलंय. हे अंग भरणं नाही, ही सूज आहे. आणि एकदम थांबवलंत तर पोरगी कोसळेल. मी मोजून गोळ्या लिहून देते, त्या हळूहळू कमी करू. कितीतरी महिने जातील."

रुचिता रिक्षातून उतरली ती दिव्याला घेऊन सरळ काकूंच्या दारात. दार उघडंच होतं. काकू ओट्यापाशी डब्या भरत होत्या. घरभर सुंठीचा वास. दिव्याला पाहताच त्यांचा चेहरा फुलला. "आली का माझी लबाड!" म्हणत त्यांनी परातीच्या काठावरून बोट फिरवलं आणि मधाने माखलेलं ते बोट पुढे केलं. दिव्याने सवयीने तोंड उघडलं. रुचिताने तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ती रडायलाच लागली.

"काकू, ह्यात स्टिरॉइड घालता तुम्ही?"

काकूंनी बोट तसंच धरलं. मग नळाखाली नेलं. ते त्यांनी चाटलं नाही. साबण लावून नखापर्यंत चोळून धुतलं.

"चिमूटभर," त्या म्हणाल्या. "अख्ख्या परातीला चिमूटभर."

"मुलं आहेत हो ही!"

"पहिली दोन वर्षं नुसती तुळस-सुंठच देत होते मी. तुमच्यातल्या एकीनेही दुसरी डबी नेली नाही. काकू, गुण येत नाही, म्हणालात. मग काशीगावचा एकजण पावडर देऊन गेला. गुण यायला लागला." काकूंनी हात पुसले. "तुळशीने पोरगी आठ-आठ महिने शिंकत नाही, असं तुला खरंच वाटलं होतं?"

जिन्यात रुचिता दिव्याचे डोळे पुसायला थांबली. काकूंची किळस होतीच. पण रोज सकाळी दिव्याच्या जिभेवर कोरडं होईपर्यंत पुसलेलं बोट तिचं स्वतःचं होतं.

संध्याकाळी तिने सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. रिपोर्टचा फोटो टाकला. काकूंचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलं. एकदम बंद करू नका, पण उद्याच मुलांना डॉक्टरकडे न्या, असं खाली दोनदा लिहिलं. मग औषध प्रशासनाकडे तक्रार केली आणि तेही कळवलं. एकेक करत सगळ्यांनी मेसेज पाहिला. उत्तर कोणीच दिलं नाही. हादरल्या असतील बिचाऱ्या, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेनऊला ती दूध घेऊन येत होती, तर काकूंच्या दाराबाहेर दहा-बारा चपलांचे जोड पडलेले. आतून चढ्या आवाजात बोलणं चाललेलं. रुचिताचा ऊर भरून आला. जाब विचारायला आल्या होत्या सगळ्या. दूध तिथेच कठड्यावर ठेवून ती पुढे झाली, तेवढ्यात आतून अंबिका बाहेर आली. अंबिका तिसऱ्या मजल्यावरची, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. तिचा निकेत दिव्याच्याच वर्गात. हातातली कापडी पिशवी तिने पटकन पदराआड घेतली. पिशवीत डब्या एकमेकींवर आपटल्या.

"मेसेज वाचला नाहीस का तू?" रुचिताने विचारलं.

"वाचला ना. दोनदा वाचला."

"आणि तरी?"

"निकेत आजारी पडला की माझा खाडा होतो, रुचिता. दोन खाडे झाले की शेठ दुसरी बाई लावतो. बंद करेन ना हळूहळू, तू लिहिलंयस तसंच. पण पावसाळा जाऊ दे." अंबिका चपला घालायला वाकली. मग वर बघून तिने रुचिताचा हात दाबला. डोळ्यांत खरंच उपकाराचा भाव होता.

"पण बरं झालं हं तू वेळेवर कळवलंस. धाड पडायच्या आत सगळ्यांना पुरेसं मिळालं."