जास्तीची शाखा

"उद्या ऑडिट आहे, देवयानीजी. फालतू टनेल सब हटवून टाका," यशवर्धनजी केबिनकडे जाता जाता म्हणाले.

देवयानी स्क्रीनकडे बघत राहिली. कंपनीची प्रत्येक शाखा टनेलनं, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीनं, तिच्या मशीनशी जोडलेली होती. जोडणी तुटली की अलार्म वाजे. त्यातली एक शाखा मात्र कंपनीची नव्हतीच. ते होते राजेंद्र नगरात एकटे राहणारे तिचे बाबा, रघुवीर.

अश्विन गेल्यापासून तिनं धसकाच घेतला होता. नवरा सकाळी चांगला हसून-बोलून निघाला आणि दुपारी नव्हता. आता ती शहराबाहेर राऊ गावातल्या फ्लॅटवर एकटी, बाबा तिकडे एकटे, आणि हट्टीपणात कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. फोन केला की बाबा वैतागत. "अगं, मी एकदम मजे में आहे. तू जेवलीस का, ते सांग." विषय टाळायला ते नेहमी हेच विचारत.

म्हणून तिनं पेपर वाचायच्या निमित्तानं त्यांना लॅपटॉप दिला. ऑफिसातला निखिल घरी जाऊन सगळं बसवून आला. चहा घेऊन बाबांनी लॅपटॉप उघडला की इकडे हिरवा दिवा लागे आणि देवयानीच्या जिवात जीव येई. बाबांना तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर असं वापरणं चूकच, हे तिला कळत होतं. पण उद्यापासून बाबा ठीक आहेत हे समजणार कसं?

"दीदी, हे राहू द्या ना," निखिल हळूच म्हणाला. "ऑडिटवाल्यांना मी सांभाळतो."

"नको रे. दोघांचीही नोकरी जाईल."

"मग अंकलना आधी एक फोन तरी करा."

"कशाला? उगाच चिडतील."

तिनं आधी अलार्म बंद केला, मग बाबांच्या टनेलची पॉलिसी, म्हणजे जोडणीची नोंदच, पुसली. दिवा गेला. तिला एकदम पोरकं वाटलं.

थोड्या वेळानं दाराशी गलका झाला. वॉचमनचा हात झटकून बाबा आत शिरत होते. शर्ट घामानं भिजलेला, पायात घरातल्या स्लिपर. देवयानी धावली.

"बाबा! काय झालं? छातीत दुखतंय का?"

बाबांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निरखून निरखून पाहिला. निखिलनं मान खाली घातली.

"माझ्या लॅपटॉपवरचा तुझा दिवा लाल झाला होता गं," बाबा म्हणाले.