खालचा टप्पा

कृष्णकांत अंगणात शिरला तो रुमाल नाकाशी धरूनच. माहीमच्या त्या अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. मुलगी पाहायला आला होता. तारापूरला वीजकेंद्रात नोकरी, राहायला कॉलनीत घर. येसूबाईनं लेकीला आतच बजावलं होतं, "तिथं नळाला पाणी हाय, मंजुळा. असं स्थळ परत यायचं नाय. तोंड सांभाळ."

मंजुळेनं सगळ्यांना चहा दिला. कृष्णकांतनं ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही.

त्याचा बाप धर्माजी चहा संपवून उठला. जन्म होडीत गेलेला माणूस; सवयीनं काठीजवळ गेला आणि एक बोंबील बोटांत दाबून पाहिला. "आजून एक ऊन पायजे, येसूबाय."

"बाबा! हात धुवा आधी. साबणानं."

धर्माजी निमूट रांजणाकडे गेला.

"मॅट्रिक झालात ना?" कृष्णकांत मंजुळेकडे वळला. "सांगा, रॉकेट पृथ्वीच्या ओढीतून सुटतं कसं?"

"वेगानं."

"नुसता वेग म्हणून भागत नाही." त्यानं रिकामे ग्लास एकावर एक रचले. "हा खालचा टप्पा सगळ्यात मोठा. पहिला जोर याचाच. पण इंधन संपलं की याला सोडायचं. ओझं बाळगलं तर सुटका नाही." त्यानं वरचे ग्लास उचलले. खालचा जमिनीवरच राहिला.

"आन् सोडलेला जातो कुठं?" मंजुळेच्या मामानं, महादूनं विचारलं.

"समुद्रात पडतो."

"म्हंजे आमच्याच जाळ्यात!"

सगळे हसले. कृष्णकांत हसला नाही. "एक आधीच सांगतो. लग्नानंतर बाबा गावीच राहतील. कॉलनीत हा वास चालत नाही."

"त्यांनीच शिकवलं ना तुमाला?" मंजुळेनं विचारलं.

"हो, होडी विकून. पण आता तिथं त्यांचं काय काम?"

रांजणापाशी धर्माजी हात घासत होता. फेस कोपरापर्यंत आला होता, तरी घासतच होता.

"मला मुलगी पसंत आहे," कृष्णकांत पुढे वाकून म्हणाला.

मंजुळा मागं सरली. तिनं पदर नाकाला लावला.

"अगो, जन्म गेला हितं," येसूबाई खेकसली, "आन् आज बोंबलाचा वास येतो व्हय तुला?"

"बोंबलाचा नाय, आई."